खांबाचा पायमोजा

त्या सकाळी स्कॅनरने मला शाबासकी दिली, आणि सगळ्या भीतीची सुरुवात तिथूनच झाली.

आमच्या गोदामात प्रत्येकाच्या मनगटाला एक स्कॅनर बांधलेला असतो. कुठल्या गल्लीत जायचं, कुठल्या कप्प्यातून काय उचलायचं, हे तो सांगतो. आपण रेंगाळलो की त्याचा पडदा आधी पिवळा होतो, मग लाल. मी उभा जन्म एका ग्रंथालयात काढला. वर्ष वर्ष पुस्तक परत न करणाऱ्यांवरसुद्धा मी कधी डोळे वटारले नाहीत. त्यामुळे या वयात एका डबीने आपल्यावर डोळे वटारावेत, हे सुरुवातीला फार जड गेलं. पण मुलगा जहाजावर, महिनोन्महिने घराबाहेर. घरात सूनबाई आणि शाळेत जाणारी नात. सूनबाई या गोदामात आधीपासून होती. तिनेच शब्द टाकून मला पॅकिंगच्या टेबलापाशी चिकटवलं. खोक्यात वस्तू ठेवायची, वर कागद कोंबायचा, चिकटपट्टी मारायची. माझ्यासारख्या नाकासमोर चालणाऱ्या माणसाला तेवढं जमत होतं. लोक मला मास्तर म्हणत. मी कधीच कुणाला शिकवलेलं नाही, पण चष्मा आणि खिशातलं पुस्तक बघून त्यांनी ते ठरवून टाकलं, आणि त्यांची चूक दाखवायचा मला संकोच वाटला.

त्या दिवशी मोजणीवाला आजारी पडला. आमचे सुपरवायझर टेबलापाशी आले. त्यांना पाठीमागे सगळे लवकरे म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'लवकर'ने सुरू होतं.

"लवकर उठा, मास्तर. आज मोजणी तुमच्याकडे. स्कॅनर सांगेल त्या कप्प्यासमोर उभं राहायचं, भरलेला की रिकामा ते दाबायचं. वाचता येतं ना? मग झालं तर."

गोदामातले लोखंडी रॅक छपरापर्यंत गेलेले आहेत. एकावर एक माळे. खालच्या माळ्यांतून माणसं हाताने माल उचलतात. वरचे माळे फोर्कलिफ्टचे. तिथे लाकडी पॅलेटवर रचलेला अख्खा ढीग चढतो. दोन रॅकच्या मध्ये गल्ली, आणि गल्लीत माणसं ढकलगाड्या घेऊन पळत असतात. पळायला बंदी आहे, म्हणून ती पळण्याइतकं भरभर चालतात.

मी मान वर करून एकेक कप्पा बघत सातव्या गल्लीत आलो. स्कॅनर म्हणाला, भरलेला. मी वर पाहिलं तर रिकामा. शेजारचाही भरलेला म्हणे, तोही रिकामा. त्यांच्यावरचे दोन तसेच. मी चष्मा पुसला. माझ्या डोळ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. खरं तर माझ्या कशावरच फारसा नाही. पलीकडच्या गल्लीत वळसा घालून गेलो आणि मागून पाहिलं. कप्प्यांतून आरपार छपराचे दिवे दिसत होते. मग मी चारही कप्प्यांसाठी 'रिकामा' दाबलं. स्कॅनर हिरवागार झाला आणि पडद्यावर अक्षरं आली: चूक शोधल्याबद्दल अभिनंदन.

माझ्या कामाचं असं कौतुक फार वर्षांत कुणी केलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी ते जपून ठेवलं.

"आज मी तुमच्या स्कॅनरची चूक काढली," डबा उघडता उघडता मी सूनबाईला म्हणालो.

"काय सांगता! आता त्याच्या वडिलांना बोलावून घ्यायला हवं," ती हसून म्हणाली.

"थट्टा नाही. सातव्या गल्लीत चार कप्पे भरलेले म्हणून दाखवत होता. सगळे रिकामे! मी नीट नोंदवून टाकले."

तिचा हातातला घास हातातच राहिला.

"कुठले कप्पे, बाबा? मधल्या खांबाजवळचे? वरचे?"

"हो. तुला कसं माहीत?"

तिने डब्याचं झाकण लावलं. आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या बाकावर दोघी-तिघी पाय लांब करून बसल्या होत्या, त्यांच्याकडे पाठ करून ती माझ्याजवळ सरकली.

"ते कप्पे आम्हीच रिकामे ठेवलेत, बाबा. मुद्दाम."

मग तिने सांगितलं. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या एकाला पैलवान म्हणतात. काडीपैलवान म्हणा, फुंकर मारली तर उडेल असा. गेल्या महिन्यात सातव्या गल्लीत वळताना त्याच्या गाडीचं बूड रॅकच्या मधल्या खांबावर आपटलं. खांब तळाशी वाकला.

"मग सांगितलं का नाही त्याने?"

"कुणाला सांगणार? फाटकावरचा फलक रोज बघता ना?"

बघत होतो. फाटकातून आत शिरताना तो डोक्यावरच येतो. अपघाताविना किती दिवस गेले, त्याचा मोठा झगमगता आकडा. आकडा शून्यावर आणणाऱ्या शिफ्टचं कंत्राट पुढे चालवायचं की नाही याचा विचार होईल, असं आम्हाला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं.

"मागे एका ड्रायव्हरने असाच धक्का लागल्याचं आपण होऊन सांगितलं," सूनबाई म्हणाली. "त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले, टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी फाटक उघडायचं त्याचं कार्ड लागेना."

"अरेरे."

"म्हणून आमच्या शिफ्टने ठरवलं. त्या खांबावरचा माल गुपचूप दुसरीकडे हलवला आणि स्कॅनरला सांगितलं, कप्पे भरलेत. पोट भरलंय म्हटलं की तो पानात आणखी वाढत नाही. वर वजनच नसलं तर वाकलेला खांबही उभा राहील, असं पैलवान म्हणाला. आणि खांबाला पायमोजा घातला."

रॅकच्या प्रत्येक खांबाच्या तळाशी पिवळ्या प्लॅस्टिकचं जाड आवरण असतं, धक्का लागू नये म्हणून. त्याला सगळे पायमोजा म्हणतात. तो नीट खाली दाबून बसवला की आतलं व्यंग झाकलं जातं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला? गेल्या वर्षी गॅसचा वास आल्याचा भास झाला तर आठवडाभर तासातासाला स्वयंपाकघरात जाऊन हुंगत होता. तुम्हाला हे सांगून मी तुमची झोप कशाला घालवू? तुम्ही टेबलापाशी असता, गल्लीत येत नाही. आज तुम्हाला मोजणीला लावतील हे कुणाला ठाऊक?"

मी काही बोलणार इतक्यात तिच्या मनगटावरचा स्कॅनर थरथरला. सुट्टी संपली होती. तिने पडदा पाहिला आणि मग मलाही दाखवला. सातवी गल्ली.

"लगेच थोडेच भरतात कप्पे," ती म्हणाली. पण डबा पिशवीत घालताना तिला पिशवीचं तोंड सापडत नव्हतं.

मी मोजणी सोडून पैलवानाला शोधायला निघालो. तो चार्जिंगच्या जागेपाशी आपल्या गाडीत बसला होता, चेहरा राखेसारखा.

"मास्तर, कुणीतरी सातव्यातले कप्पे उघडले हो."

"मीच," मी म्हणालो. "मला माहीत नव्हतं."

त्याने मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"सकाळपासून मोठा माल आलाय, आणि जागा कुठेच नाही. रिकामे कप्पे दिसले तशी कंप्युटरने तिकडेच धाव घेतली. मला दोनदा तिकडे धाडलं. मी दोन्ही वेळा बॅटरी गेल्याचं सोंग केलं. मग ते काम त्या नव्या ड्रायव्हरला गेलं. तो परवा आलाय, त्याला काय ठाऊक? कपडे धुण्याच्या द्रावणाचे कॅन आहेत, मास्तर. सगळं पाण्यासारखं जड. तीन पॅलेटं चढलीत. चौथं जाईल आता."

मी स्कॅनरवर ते कप्पे पुन्हा 'भरलेले' करायचा प्रयत्न केला. पडद्यावर आलं: नोंद बदलण्यासाठी सुपरवायझरची परवानगी घ्या. मघाशी खरं सांगताना त्याला कुणाची परवानगी लागली नव्हती.

लवकऱ्यांकडे जाण्याआधी मी सातव्या गल्लीत गेलो. माझं हे नेहमीचंच. दुसऱ्याने सांगितलेलं आणि स्वतः पाहिलेलं यांतही मला शंका असते. निदान दोन्ही हाताशी असावीत. खांबापाशी उकिडवा बसलो आणि पायमोजा वर ओढला.

म्हाताऱ्या माणसाचा गुडघा वाकतो तसा खांब वाकला होता. वाकल्या जागी नारिंगी रंगाला भेगा पडल्या होत्या आणि त्याचे पापुद्रे खाली फरशीवर पडले होते. गल्ली सकाळीच झाडलेली असते, म्हणजे हे आजचे पापुद्रे. मी तळहात पुढे केला. त्यावर एक पापुद्रा पडला. माझा श्वास लागला असेल, असं मी मनाला सांगितलं. श्वास रोखून बसलो. दुसरा पडला. आणि वर कुठेतरी, बोट मोडावं तसा, 'कट्' आवाज आला.

सूनबाई माझ्यापासून दोन कप्पे पलीकडे होती. खालच्या माळ्यात अर्धी आत वाकून काहीतरी ओढत होती. तिच्या पाठीवर, उंच, पांढऱ्या कॅनच्या रांगा.

"बाहेर चल," मी म्हणालो.

तिने वाकल्या वाकल्याच मान वळवली. माझा चेहरा बघून तिला खांबाकडे बघावं लागलं नाही.

"बाबा, आज माझा दोनदा लाल झालाय. तिसऱ्यांदा झाला तर उद्या कार्ड लागणार नाही. आणि मी एकटी निघून काय? या गल्लीत दिवसभर माणसं येणार. तुम्ही लवकऱ्यांना सांगा. त्यांनी गल्ली बंद केली की सगळेच सुटतील. जा ना."

"तू तोवर..."

"जा म्हणते ना!"

लवकऱ्यांची खोली काचेची आहे, तिथून अख्खं गोदाम दिसतं. मी दारावर टकटक केली. आत या म्हटल्यावरही दाराशीच उभा राहिलो.

"लवकर बोला, मास्तर. तुमचा स्कॅनर कधीचा गप्प आहे."

"सातव्या गल्लीतला खांब वाकलाय. वर जड माल चढतोय. रंग गळतोय त्याचा, आवाज येतोय..."

कुठला खांब, असं त्यांनी विचारलंच नाही. उठून माझ्या मागचं दार लावून घेतलं. तेव्हा मला कळलं की त्यांना माहीत होतं, पहिल्यापासून.

"संध्याकाळच्या गाड्या सुटू देत," ते हळू म्हणाले. "मग मी स्वतः बघतो."

"तोवर पडला तर?"

"तुम्ही इंजिनियर आहात?"

"नाही."

"मग पडेल हे तुम्हाला कसं कळलं?"

तुला काय कळतं, हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारत आलोय की दुसऱ्याने विचारला तेव्हा तो मला रास्तच वाटला.

"खांब वाकला म्हणून लगेच पडत नसतो," लवकरे म्हणाले. "मीही वाकूनच आहे इथे. पडलो का?" ते हसले. त्यांच्या ओठावर घाम साचला होता. "गल्ली बंद केली तर वरून विचारतील का केली. कारण सांगितलं तर विचारतील, महिनाभर काय करत होतात. तुम्हीच सांगा, काय सांगू? तुमची सून आहे ना तिथे? तिला हलवतो. अकराव्या गल्लीत. झालं समाधान? पण तोंडाला कुलूप हवं."

त्यांनी समोरच्या पडद्यावर दोन ठिकाणी बोट टेकवलं. इतकं सोपं होतं ते.

"उपकार झाले," मी म्हणालो. हे शब्द माझ्याच तोंडून बाहेर पडले, आणि ते बोलताना मला खरोखर हायसं वाटलं.

बाहेर आलो तर सूनबाई ढकलगाडी घेऊन सातव्या गल्लीतून बाहेर पडत होती. आणि तेवढ्यात तिच्या बाजूने मावशी आत गेली.

मावशी ही आमच्या शिफ्टमधली सगळ्यांत जुनी बाई. माल वाहून नेणाऱ्या पट्ट्यांशेजारी वर्षानुवर्षं काम करून तिचे दोन्ही कान गेलेत. ती स्कॅनरच्या थरथरीवर काम करते. तिच्याशी बोलायचं तर आधी खांद्याला हात लावावा लागतो.

सूनबाई माझ्यापाशी थांबली.

"मध्येच माझी गल्ली कशी बदलली? बंद केली का त्यांनी?"

मी चष्मा काढून पुसू लागलो.

"बाबा, बंद केली का?"

"तुझ्यापुरतं... तुला तरी..."

तिने मागे वळून पाहिलं. मावशीची पाठ गल्लीत दूर चालली होती, तिच्या नेहमीच्या चालीने, डावीकडे जरा झुकत.

"मावशीला हाक ऐकू येत नाही, बाबा," ती म्हणाली. रागाने नाही. मला हे माहीत नसावं अशा समजुतीने तिने ते सांगितलं, आणि मला तेच लागलं. ढकलगाडी तिथेच सोडून ती पळत गल्लीत शिरली.

गल्लीच्या पलीकडच्या तोंडाशी फोर्कलिफ्ट वळत होती. नव्या ड्रायव्हरने चौथं पॅलेट वर उचलायला सुरुवात केली होती. त्याचं लक्ष वर होतं, कॅनकडे. मी ओरडायला तोंड उघडलं. आयुष्यभर मी लोकांना हळू बोला, हळू बोला म्हणत आलो. माझा स्वतःचा आवाज मी कुठे ठेवलाय तेच मला सापडेना.

भिंतीवर लाल पेटी होती, काचेमागे बटण. वर लिहिलं होतं: फक्त आग लागल्यासच वापरा. गैरवापर करणाऱ्यावर कारवाई केली जाईल. मी ते अक्षर न् अक्षर वाचलं. छापलेलं काहीही पूर्ण वाचल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मग कोपराने काच फोडली आणि बटण दाबलं.

भोंगा वाजू लागला. छपरावरचे लाल दिवे गरगरा फिरू लागले. भोंगा झाला की गाड्या आपोआप जागच्या जागी थांबतात. चौथं पॅलेट अधांतरी राहिलं. सगळीकडून माणसं दाराकडे निघाली. सातव्या गल्लीतून मात्र कुणी येईना. मी खांब मोजल्यासारखा तिकडे बघत उभा राहिलो. लोक मला ढकलून जात होते. शेवटी दोघी दिसल्या. सूनबाईने मावशीचं मनगट घट्ट धरलं होतं आणि मावशी तिला विचारत होती, "अगं, काय झालं? मला सांग तरी, काय झालं?"

बाहेरच्या आवारात दुपारचं ऊन डोळ्यांवर आलं. लवकरे धावत आले.

"आग कुठे आहे?"

"आग नाही," मी म्हणालो. "मी दाबलं."

"तुम्ही?" त्यांचा विश्वास बसेना. "खोटा भोंगा! संध्याकाळच्या सगळ्या गाड्या अडकल्या. बंद करा तो. सगळे आत! लवकर, लवकर!"

भोंगा थांबला. कुणी हललं नाही. नाही म्हणायचीही कुणाची छाती नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते. एक बाई पुढे आली.

"मास्तर, तुम्ही नक्की बघितलंय ना? की नुसतं वाटलं?"

माझी बहुतेक वाक्यं 'असं मला वाटतं' यावर संपतात. खात्री नसली की ते जोडलं म्हणजे माणूस सुरक्षित राहतो. तेव्हाही ते जिभेवर आलंच होतं. खांब खरंच मघापेक्षा जास्त वाकला होता का? आवाज वरून आला की माझ्याच गुडघ्यातून? नसेल पडणार तर? माझ्यामुळे एवढ्या लोकांचं काम गेलं तर?

"वाकलाय," मी म्हणालो. "पायमोजा काढून पाहिलाय. रंगाचे पापुद्रे पडतायत. माझ्या हातावर पडले."

पुढचे शब्द मी गिळले.

"मीच धडकवलाय तो," मागून आवाज आला. पैलवान होता. "गेल्या महिन्यात. आणि लवकरेसाहेबांना ठाऊक आहे. झाडूवाल्यालाही ठाऊक आहे. इथे सगळ्यांना ठाऊक आहे, एक त्या कंप्युटरला सोडून."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. लवकरे एकेकाच्या तोंडाकडे बघू लागले. तेवढ्यात मावशी, जिला यातलं अवाक्षर ऐकू आलं नव्हतं, पाय दुखतात म्हणून जमिनीवर बसली. तिच्या शेजारी सूनबाई बसली. मग आणखी कुणी, मग आणखी. ठरवून कुणी काही केलं नाही. मी सगळ्यांत शेवटी बसलो, कारण मला खाली बसायला वेळ लागतो.

मोठे साहेब गाडीतून आले तेव्हा अख्खी शिफ्ट उन्हात बसलेली होती. त्यांनी लवकऱ्यांना बाजूला नेलं, दारातून आत डोकावून आले. मग हुकूम दिला, आधी माल उतरवा. कुणी उतरवायचा, ते बोलले नाहीत.

"मी जातो," पैलवान म्हणाला. "मीच वाकवलाय."

त्याला अडवावं असं मला वाटलं. सगळ्यांनाच वाटलं असावं. पण माल वर ठेवून उद्या तिथे कोण चालणार होतं? तो आत गेला. भिंतीपलीकडून त्याच्या गाडीचा आवाज येत होता. गाडीचे काटे वर चढवताना बारीक किणकिण, उतरवताना जाड घरघर. अधांतरी राहिलेलं पॅलेट त्याने आधी बाहेर आणलं. मग वरचं पहिलं. मग दुसरं. प्रत्येक किणकिणीला सूनबाई माझा दंड दाबायची. मावशीला काही ऐकू येत नव्हतं, म्हणून ती आमच्या तोंडांकडे बघत होती. आम्ही श्वास सोडला की तीही सोडायची.

तिसऱ्या पॅलेटची घरघर संपली आणि गाडी मागे सरत असतानाच आतून वेगळाच आवाज आला. धडाड असा नव्हता तो. म्हातारा माणूस खुर्चीत बसताना कण्हतो तसं लोखंड कण्हलं, बराच वेळ, आणि मग पत्रे एकमेकांवर पडत गेल्यासारखा खणखणाट.

आम्ही उठून दारापर्यंत गेलो. सातव्या गल्लीचा मधला खांब खाली बसला होता आणि त्याच्या आधाराचे रिकामे माळे तिरके होऊन गल्लीत लोंबत होते. गल्लीच्या तोंडाशी पैलवानाची गाडी उभी होती, पुढे तिसरं पॅलेट घेऊन. तो आत ताठ बसला होता. त्याची बोटं चाकावरून सुटेनात. दोघांनी मिळून एकेक बोट सोडवलं.

कुणाला ओरखडाही आला नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी फाटकावरचा आकडा एकाने वाढला. तो आकडा मी बाहेरूनच वाचला, कारण माझं कार्ड लागलं नाही. पैलवानाचंही नाही. आम्ही दोघं थोडा वेळ फाटकाबाहेर उभे होतो. "मास्तर, आपल्यासाठी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत," तो म्हणाला आणि निघून गेला. लवकरे होते तिथेच आहेत. सूनबाईचं कार्ड लागतं.

म्हणजे ती रोज जाते आणि मी घरी असतो. नात शाळेतून येते, तिला खायला देतो, पुस्तक उघडून बसतो. संध्याकाळ होऊ लागली की ओळी डोळ्यांसमोरून नुसत्या सरकतात. जिन्यावर पावलं वाजली की आधी ती दोन्ही पायांची आहेत का ते ऐकतो. हे वेडेपणाचं आहे हे मला कळतं. सूनबाईलाही कळतं, म्हणून ती हल्ली जिन्यातूनच हाक मारते, "आले हो, सबंध आले!"

बायकांनी एक नवीन सुरू केलंय, असं तिने सांगितलं होतं. कुठल्याही गल्लीत शिरण्याआधी बुटाच्या टोकाने खांबाचा पायमोजा वर करून बघायचा. मावशी तर प्रत्येक खांबाला बघते, तिचा स्कॅनर लाल झाला तरी. एकदा नवव्या गल्लीत एक खांब तसा निघाला. कुणीच आत गेलं नाही. लवकऱ्यांना गल्ली बंद करावी लागली.

परवा ती आली ती गप्पच. हातपाय धुतले, नातीचा अभ्यास घेतला. मग माझ्यासमोर येऊन बसली.

"बाबा, तुमचा तो पेचकस कुठे आहे?"

ग्रंथालयातली कपाटं डगमगू लागली की मी ज्याने त्यांचे स्क्रू पिळायचो, तो. निवृत्त होताना तो माझ्या खिशातच राहिला.

"कशाला?"

"पायमोजे आता स्क्रूने पक्के केलेत. सगळ्या गोदामात. उचलता येत नाहीत."

मी पुस्तक मिटलं.

"दोनच स्क्रू आहेत एकेकाला," ती म्हणाली. "मावशी आडोसा धरून उभी राहील. वेळ लागत नाही."

"फाटकावर तपासतात ना?"

"आत जाताना कुठे तपासतात? बाहेर येताना तपासतात. आतून काय जाईल याची त्यांना काळजी. बाहेरून काय येतं त्याची नाही."

"आणि सापडलीस तर?"

तिने नातीची पाटी पुसायला घेतली. नकार द्यायचा तर तो क्षण होता. नातीला जवळ ओढून, तुझ्या लेकीचा विचार कर, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी उठलो, खणातून पेचकस काढला. लाकडी मूठ माझ्या हाताने गुळगुळीत झालेली. तो टेबलावर ठेवला आणि तिच्याकडे सरकवला.

"नीट बघत जा," मी म्हणालो. "पलीकडच्या बाजूनेही बघ."

आज सकाळी तिने तो डब्याखाली, पिशवीच्या तळाशी ठेवला. खिडकीतून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत दिसली. पिशवी नेहमीसारखीच दिसत होती. मला मात्र ती एका बाजूला झुकल्यासारखी वाटली. मी पुस्तक उघडलं. आता ऊन भिंतीवरून उतरत आलंय, नात पाटीवर गणित करतेय, आणि माझ्यासमोर अजून तीच ओळ आहे.